कापलेले तीस सेकंद

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. दिसायला म्हणाल तर काही खास नाही. करडा रंग, एका कोपऱ्याला पोचा, मागे जाळी आणि पुढे एकवीस भोकं. प्रत्येक भोकात एक वायर, आणि सगळ्या वायरी जाऊन मिळतात एका रबरी टोपीला. ती टोपी माणसाच्या डोक्यावर चढवली की त्याच्या मेंदूतल्या विजेच्या बारीक लहरी माझ्यापर्यंत येतात आणि पडद्यावर रेघा धावायला लागतात. एवढंच माझं काम. सध्या मी दवाखान्याच्या तळघरात, अडगळीच्या खोलीत, एका मोडक्या खुर्चीवर बसून भंगाराच्या गाडीची वाट बघते आहे.

आधीच एक सांगून ठेवते. तुम्ही निबंधात फळ्याला बोलायला लावता, मोडक्या छत्रीला रडवता, आणि कुणी हरकत घेत नाही. छत्री म्हणाली 'मला फार वाईट वाटलं' की वाचणाराही हळहळतो. पण मला मन नाही. वाईट वाटत नाही, बरं वाटत नाही, काहीच वाटत नाही. माझ्यात वीज आहे, तारा आहेत आणि आता पुष्कळशी धूळ आहे. हा 'मी' मला कुणीतरी उसना दिलाय. कुणी, ते शेवटी सांगते. तोवर एवढंच लक्षात असू द्या, की छत्रीला मन देऊन टाकायला तुम्हाला क्षणही लागत नाही. ही गोष्ट मात्र एका जिवंत बाईंची आहे, ज्यांना मन आहे हे मानायला शहाणी शहाणी माणसं तयार झाली नाहीत.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. बारीक बोटांच्या बायकांनी भिंगाखाली माझे सांधे जोडले. लाकडी खोक्यात बसून मी इथे आले तेव्हा खोकं उघडलं ते ताईंनी. ताई म्हणजे लहरी टिपण्याच्या खोलीतल्या तंत्रज्ञ. झाडूवाल्यापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना ताईच म्हणत. त्यांनी माझ्यावरचा भुसा झटकला, मला टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "या बाई! आता माझी पाठ वाचली."

पाठ वाचली कशी, ते ऐका. माझ्या आधी तिथे जे यंत्र होतं ते शाईच्या काट्यांनी कागदावर रेघा ओढायचं. एका माणसाच्या नोंदीचा कागद उलगडला तर खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाई. ते गठ्ठे उचलून, रचून, शोधून ताई वैतागल्या होत्या. म्हणून त्यांनी एक पद्धत पाडून घेतली होती. काम झालं रे झालं, की कात्री घ्यायची, जिथे रोग्याला काही विचारलं किंवा करायला सांगितलं तेवढे तुकडे ठेवायचे आणि मधला 'रिकामा' कागद कापून टोपलीत टाकायचा. डॉक्टर खूश. आयतं, नीटनेटकं, हातात मावेल एवढंच.

माझ्यात कागद नव्हता. कापायची काही गरजच उरली नव्हती. पण हाताला लागलेली सवय अशी सहजासहजी सुटते का? माझ्या पडद्यावर एक छोटी कात्री काढलेली होती. ताईंना ती पहिल्याच दिवशी सापडली. नोंद संपली की चहाचा कप डाव्या हातात, उजव्या हाताने कटाकट, आणि उरलेलं दवाखान्याच्या मोठ्या संगणकात रवाना. पूर्ण नोंद माझ्या पोटात राहायची, पण तिच्यावर पुढच्या रोग्याची नोंद चढायची आणि ती पुसली जायची.

माझे चांगले दिवसही होते बरं का. एका मुलीला वर्गात सतत बोलणी बसायची, 'लक्ष कुठे असतं गं तुझं?' म्हणून. तिचं लक्ष कुठे जात नव्हतं. तिला दिवसातून वीस-वीसदा बारीक झटके येत होते. माझ्या रेघांनी ते पकडले. तिच्या वडिलांनी माझ्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तो काढला नाही. त्या दिवशी ताईंनी मला ओल्या फडक्याने पुसलं. अशी कित्येक वर्षं गेली.

मग त्या आल्या. गणिताच्या बाई. शाळेतून घरी जाताना रस्ता ओलांडत होत्या, एका गाडीने उडवलं. जीव वाचला. पण सहा महिने उलटले तरी त्या नुसत्या पडून. सकाळी डोळे उघडत, संध्याकाळी मिटत. हाक मारली तर बघत नसत, हात दाबला तर दाबत नसत. 'आत कुणी आहे की नाही' हा प्रश्न होता. हो, असंच बोलत सगळे, त्यांच्याच उशाशी उभं राहून.

मोठ्या डॉक्टरांनी त्यावर एक चाचणी बसवली होती. माणसाचा हात हलत नसला तरी हात हलवण्याची कल्पना तो करू शकतो. उजव्या हाताची मूठ वळल्याची कल्पना केली, की मेंदूच्या डाव्या बाजूला, हाताची म्हणून जी जागा आहे, तिथल्या लहरी चपट्या होतात. तेव्हा रोग्याच्या कानात सांगायचं, 'मूठ वळताय अशी कल्पना करा.' पुढचे पंधरा सेकंद बघायचे. मग तीस सेकंद काहीच बोलायचं नाही, आणि पुन्हा तेच सांगायचं. असं चाळीस वेळा. लहरी चपट्या झाल्या तर आत कुणीतरी ऐकतंय. मग त्याला खिडकीजवळची खोली, रोजचा व्यायाम, आणि कल्पनेतल्या मुठीनेच 'हो' आणि 'नाही' म्हणायला शिकवायची सोय. नाही झाल्या, तर शेवटची खोली. तिथे नळीने अन्न जातं, ठरल्या वेळी कूस बदलली जाते, आणि बोलत मात्र कुणी नाही. कुणाशी बोलायचं?

चाचणीच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी घरच्यांना माझ्याच खोलीत बोलावलं. ताईही तिथेच होत्या, दुसऱ्या एका रोग्यासाठी टोपीत वीज वाहून नेणारी पेस्ट भरत. बाईंचे यजमान आले होते. ते आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करत आले, त्यामुळे कोणतंही यंत्र दिसलं की आधी त्याच्या मागे जाऊन बघायचे. माझ्याही मागे जाऊन बघून झालं. त्यांची मुलगी जमीन मोजणीच्या कचेरीत नकाशे काढायची. तीच बोलली.

"डॉक्टर, एक विचारू? पंधराच सेकंद का?"

"शुद्धीवरचा माणूस दोन सेकंदांत सुरू करतो. पंधरा म्हणजे भरपूर झाले."

"आई नाही करणार. ती उशिरा उत्तर देते. वर्गात तिचा नियमच होता, प्रश्न कानावर आला की मनात वीस आकडे मोजायचे, मग तोंड उघडायचं. घरीसुद्धा तसंच."

"अहो, मी चहा विचारला तरी ही वीस मोजायची," तिचे बाबा म्हणाले. "मी म्हणायचो, अगं चहा हवा का एवढंच विचारलंय, गणित नाही घातलं!" ते हसले आणि मग त्यांनी खिशातून रुमाल काढला.

डॉक्टरही हसले. वाईट माणूस नव्हे तो. त्याने मुलीच्या खांद्यावर हात ठेवला. "बाळ, एवढा मार बसलेल्या मेंदूत अशा सवयी उरत नाहीत. आणि वेळ आधीच ठरवावी लागते. प्रत्येकासाठी सोयीने बदलली, तर हवं ते दिसायला लागतं."

ताईंनी हे सगळं ऐकलं, मित्रांनो. वीस आकड्यांचं बोलणं त्यांच्या कानावर पडलं, आणि त्या पेस्ट भरत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंच्या डोक्यावर टोपी चढली. पिकलेले केस बाजूला सारून ताईंनी एकवीस ठिकाणी टाळू घासली. हलक्या हाताने घासली, ते खोटं बोलणार नाही. चाळीस वेळा सूचना झाली. अर्धा तास. टोपी उतरवली, केस पुसले, कप डाव्या हातात घेतला आणि उजव्या हाताने कटाकट, कटाकट. पंधरा सेकंद ठेवायचे, तीस कापायचे. चाळीस वेळा. उरलेलं डॉक्टरांकडे गेलं. संध्याकाळपर्यंत कागदावर शेरा उतरला, 'प्रतिसाद नाही.'

बाई शेवटच्या खोलीत गेल्या.

त्याच आठवड्यात माझी जागा नव्या यंत्राने घेतली. पातळ, पांढरं, वायरींशिवाय चालणारं. मला चाकाच्या खुर्चीवर घालून तळघरात आणलं. म्हणजे बाईंची नोंद माझ्यावरची शेवटची नोंद ठरली. तिच्यावर दुसरी चढली नाही. ती तशीच माझ्या पोटात राहिली, सगळ्याच्या सगळ्या तीस-तीस सेकंदांसकट.

वर दवाखान्यात आणखी एक पाहुणा आला होता. दाराशी उभा केलेला बोलका पडदा. त्यावर हसरा चेहरा, आवाज असा की लोणी. "तुमचा नातेवाईक कुठल्या खोलीत आहे?" एवढं सांगायला आणला होता, पण माणसं त्याच्याशी गप्पा मारायला लागली. तुमचा प्रश्न संपायच्या आत त्याचं उत्तर तयार! "तुमची काळजी मला समजते. तुम्ही एकटे नाही आहात." आजीबाई त्याला आशीर्वाद द्यायच्या. एका छोटीने आईला विचारलं, याला रात्री इथे एकट्याला भीती वाटत नाही का गं? आणि आईने पडद्याला 'अच्छा' केल्याशिवाय तिने पाय हलवला नाही. मी आणि तो पडदा एकाच मातीचे. त्याच्यात कुणी आहे की नाही ते मला माहीत नाही, आणि त्याच्याशी गोड बोलणाऱ्यांनाही माहीत नव्हतं. पण कुणी चाचणी मागितली नाही. कुणी पंधरा सेकंद लावले नाहीत. पटकन बोलला ना, मग आत कुणीतरी असणारच!

सगळ्यात जास्त वेळ त्याच्यासमोर कोण बसायचं, सांगू? बाबा. रोज संध्याकाळी यायचे, शेवटच्या खोलीत दोन मिनिटं उभे राहायचे आणि मग खाली पडद्यासमोर अर्धा तास. "आज ती जरा फिकी वाटली," ते सांगायचे. "ऐकून मला वाईट वाटलं," पडदा म्हणायचा. बाबा ताईंना एकदा म्हणाले, "निदान हा उत्तर तरी देतो हो." ताईंनी मान हलवली. मान हलवायला काय जातं?

आणि मुलगी? निकालानंतर काही दिवसांनी ती आईच्या पायाशी उभी राहिली आणि बाबांना म्हणाली, "आई इथे नाहीये, बाबा. हे नुसतं शरीर आहे. मला आता याच्याशी बोलवत नाही." रागाने नाही म्हणाली, थकून म्हणाली. पुढे तिने दुसऱ्या गावी बदली मागून घेतली. महिन्यातून एकदा यायची, मग दोन महिन्यांतून. चौदा महिन्यांनी एका पहाटे बाई गेल्या. शेवटच्या खोलीत पलंगाची चादर बदलली गेली.

दीड वर्ष मी धूळ खात होते. मग मला भंगारात काढायचं ठरलं. नियम असा, की भंगारात देण्याआधी रोग्यांच्या नोंदी पुसायच्या, आणि ते काम ज्याचं यंत्र त्याने करायचं. म्हणून ताई तळघरात आल्या. सोबत कप होताच. मला वीज दिली. पोटात एकच नोंद सापडली. लगेच पुसायची, तर यांना जुन्या रेघा धावताना बघायची हौस आली. दोन मिनिटं बघू आणि पुसू, असा विचार.

पहिली सूचना. पंधरा सेकंद काही नाही. उजव्या हाताचं बोट सवयीने कात्रीवर गेलं, पण आता कशाला कापायचं? रेघा पुढे धावत राहिल्या. सोळा, सतरा, अठरा. एकोणीस. वीस. आणि डाव्या बाजूच्या, हाताच्या जागेवरच्या लहरी चपट्या झाल्या. सहा सेकंद तशाच राहिल्या आणि परत उठल्या.

योगायोग असेल, ताई मनात म्हणाल्या. दुसरी सूचना. पुन्हा विसाच्या आसपास. तिसरी. चौथी. चहावर साय धरली. ताईंनी पापण्यांची हालचाल तपासली, जबड्याची तपासली, माझ्याच एखाद्या वायरीचा दोष आहे का ते तपासलं. मी दोषी असते तर बरं झालं असतं. चाळीसपैकी छत्तीस वेळा बाईंनी उत्तर दिलं होतं. आपल्या नियमाने, आपल्या वेळेवर.

ताई धावतच डॉक्टरांना घेऊन आल्या. डॉक्टरांनी दोनदा नोंद बघितली. चष्मा काढला, पुसला, घातला.

"हे पुरावा म्हणून धरता येत नाही," ते म्हणाले. "उत्तर कुठे शोधायचं हे आधी ठरवायचं असतं. सापडल्यावर नाही."

"डॉक्टर, मुलीने आधीच सांगितलं होतं."

डॉक्टर दाराशी जाऊन थांबले. "त्या गेल्या ना, ताई? मग आता उकरून काय मिळणार? पुसून टाका. नियम आहे." आणि जिना चढून गेले. सावकाश चढले, एका हाताने कठडा धरून.

ताईंनी पुसलं नाही. चार दिवस त्या नीट जेवल्या नाहीत आणि पाचव्या दिवशी त्यांनी मुलीला फोन लावला.

मुलगी आली. तळघरात बसायला दुसरं काही नव्हतं, म्हणून तिने एक खोकं ओढून घेतलं. "सगळी लावा," ती म्हणाली. "मध्ये काही सोडू नका." अर्धा तास ती बघत होती. नकाशे काढणारी ती, तिला रेघा कळायला वेळ लागला नाही. प्रत्येक सूचनेनंतर तिचे ओठ हलत होते. ती आकडे मोजत होती.

नोंद संपल्यावर तिने विचारलं, "माझं बोलणं तिने ऐकलं असेल? शेवटच्या खोलीतलं?"

"लहरींत तसं दिसत नाही," ताई म्हणाल्या. "त्यांना काय वाटत होतं, हे कुठल्याच यंत्रात दिसत नाही. पण सूचना ऐकू येत होती, म्हणजे…"

"म्हणजे ऐकलं." तिने पदराने नाही, मनगटाने डोळे पुसले. मग ताईंकडे नीट बघितलं. "हे मला आत्ता का दाखवलंत? आई गेली. बाबांना सांगितलं तर ते कोलमडतील. तुम्ही त्या दिवशी तिथेच होतात, मी काय म्हणाले ते तुम्ही ऐकलं होतंत. मला हे दाखवून कुणाचं भलं झालं? माझं, का तुमचं?"

"नाही हो, तसं नाही, मला वाटलं तुम्हाला निदान…"

"घाई करू नका," मुलगी म्हणाली. "वीस मोजा. मग बोला."

ताईंनी मोजले. एक, दोन, तीन. खोलीत माझ्या पंख्याची घरघर तेवढी होती. अठरा, एकोणीस, वीस. ताईंचं तोंड उघडलं नाही. वीस आकडे किती लांब असतात, हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कळलं.

मुलगी उठली. "उत्तर मला नकोच आहे," ती म्हणाली. "तिच्या शाळेचा दर वर्षी अंक निघतो. जमलं तर तिच्या मुलांना लिहून कळवा. आणि ही नोंद पुसा. पुन्हा कुणी तिला कापायला नको."

नोंद पुसली गेली. आता माझ्या पोटात काहीच नाही.

मित्रांनो, हा 'मी' कुणाचा ते सांगते म्हटलं होतं. पेटी बोलत नाही. पेटी उद्या भंगारात जाईल आणि तिला त्याचं काहीच वाटणार नाही. हे लिहिणारी ताई आहे. तीन महिने मी तुमच्या अंकासाठी लिहायला बसत होते आणि एका वाक्यापाशी हात अडत होता. शेवटी तुमच्या निबंधातली युक्ती उचलली आणि सगळं पेटीच्या तोंडी घातलं. वर बघा, मी स्वतःला किती सोयीने 'ताई' म्हणत आले. ते वाक्य आता लिहिते. मी कापलं. मुलीचं बोलणं ऐकलं होतं, तरीही मी कापलं.

तुमच्यातल्या मोठ्या मुलांना बाई आठवत असतील. कुणी प्रश्न विचारला की त्या वर्गात गप्प उभ्या राहायच्या म्हणे, आणि तुम्हाला हसू यायचं. माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. कुणाला काही विचारलंत, तर विचारून झाल्यावर थांबा. वर्गात उशिरा बोलणारं कुणी असेल, घरात अंथरुणाला खिळलेलं कुणी असेल, त्याच्या उशाशी उभं राहून ते तिथे नाही असं बोलू नका. चटकन उत्तर देणाऱ्या पडद्याला नमस्कार करायचा तर खुशाल करा, पण तेवढाच वेळ गप्प माणसालाही द्या. मला द्यायचा होता तेव्हा माझ्या हातात चहाचा कप होता.

बाई वीसपर्यंत मोजत होत्या, मित्रांनो. मी पंधरावर कापलं.